मुलांना घेऊन रत्नागिरीचे मत्स्यालय कसे पाहावे

कोकणात फिरायला आलेल्या बहुतेक कुटुंबांसाठी मत्स्यालय हे दुपारचे ऊन टाळण्याचे ठिकाण असते. सकाळी देवदर्शन, मग जेवण, ऊन कलेपर्यंत मत्स्यालय आणि शेवटी पुळणीवर सूर्यास्त, असा क्रम ठरलेला असतो आणि त्यातली वीस-पंचवीस मिनिटे मत्स्यालयाच्या वाट्याला येतात. आम्ही कोल्हापूरहून आंबा घाट उतरून पहिल्यांदा रत्नागिरीला गेलो, तेव्हा आम्हीही असेच केले. बाहेर पडल्यावर मी धाकट्या मुलीला विचारले, ‘काय काय पाहिलेस?’ ती म्हणाली, ‘मासे.’ तिने दिलेले उत्तर अगदी खरे होते, कारण थांबून पाहायला आम्ही तिला वेळच दिला नव्हता. त्यानंतरच्या काही फेऱ्यांत आमची एक पद्धत बसत गेली. ती इतर पालकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

या पद्धतीचे सूत्र असे की, मत्स्यालय एकटे पाहू नये. बंदरावर उतरणारी मासळी, काचेमागचा जिवंत मासा आणि ओहोटीला उघडी पडणारी खडपे, म्हणजे किनाऱ्यावरचे खडक, ही तिन्ही एका दिवसात मुलांना दाखवावीत. कोकणात येणारे आपण बहुतेक जण मासे खाणारे असतो. ताटातला मासा आणि टाकीतला मासा यांचे नाते मुलाला कळले नाही, तर समुद्राचे संवर्धन हा विषय त्याच्यासाठी भिंतीवरच्या फलकापुरताच उरतो.

रत्नागिरीच्या पेठकिल्ला-झाडगाव भागात असलेले मत्स्यालय आणि त्याला लागून असलेले संग्रहालय हे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचा भाग आहे. हे केंद्र 1958 मध्ये सुरू झाले. येथे मत्स्यव्यवसायावर आणि मत्स्यपालनावर प्रत्यक्ष संशोधन चालते, ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी, कारण त्यामुळे त्यांचे प्रश्न बदलतात. ‘हा मासा कुठला’ इतकेच विचारणारे मूल मग ‘याला इथे का ठेवले आहे’ असेही विचारू लागते.

दिवस कसा निवडावा

सहलीची तारीख ठरवताना सुट्टीबरोबर तिथीही पाहावी. खडपे नीट पाहायची असतील तर ओहोटी खोल हवी, आणि ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवसांत असते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. माझ्या सासूबाई रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात वाढल्या. त्यांनी आम्हाला शिकवलेला ठोकताळा असा की, पंधरवड्यातल्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे सकाळी अकराच्या पुढे भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे ओहोटी. प्रत्यक्षात ठिकाणानुसार तासाभराचा फरक पडतो, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकातून पडताळून घ्यावी. हिशेब मात्र मुलांकडूनच करून घ्यावा. चंद्र आणि समुद्र यांचा संबंध पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे, आणि स्वतः केलेल्या गुणाकाराप्रमाणे पाणी उतरताना पाहणे वेगळे.

या हिशेबाने चतुर्दशी, पौर्णिमा किंवा प्रतिपदा हे दिवस सर्वांत सोयीचे ठरतात. सकाळी बंदर, दुपारी मत्स्यालय आणि उन्हे कलताना खडपे, असा क्रम तेव्हा आपोआप जुळतो. महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम. 1 जून ते 31 जुलै या काळात पावसाळी मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, खवळलेल्या समुद्राच्या काठी खडपांवर जाणे धोक्याचे असते आणि मुलांना पाहण्यासारखे अर्धे जग मिटलेले असते. मात्र बंदीचे कारण मुलांना जरूर सांगावे. अनेक जातींच्या माशांचा हा प्रजननाचा काळ असतो, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होड्या लोटण्याची जी जुनी रीत किनाऱ्यावर आहे, ती याच विश्रांतीशी जुळणारी आहे.

आदल्या रात्रीची तयारी

तयारी थोडीच आहे. एक वही, पेन्सिल, मोजपट्टी, न घसरणारी रबरी चप्पल किंवा बूट आणि प्यायचे पाणी एवढे पुरे. मुक्कामी एक लहानसा प्रयोग मात्र करावा: एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवावे आणि प्रत्येकाने त्याचा एक थेंब जिभेवर घ्यावा. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण एवढाच असतो. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ उभे असताना ही चव आठवते. मग मत्स्यालयातल्या माणसांना पाण्याचा खारटपणा सतत का सांभाळावा लागतो, पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी खाडीत उतरले की तिथल्या जिवांचे काय होत असेल, हे प्रश्न मुलांना आपसूक पडतात.

घरात कोकणातली आजी किंवा मावशी असेल तर तिच्याकडून माशांची नावे वहीत उतरवून घ्यावीत. एकाच माशाला मुंबईकडे हेकरू म्हणतात तर मालवणकडे गोबरा, शार्कला कुठे मुशी तर कुठे मोरी. मत्स्यालयाच्या फलकावर बहुधा इंग्रजी आणि शास्त्रीय नाव असते, बोलीतले नाव असतेच असे नाही. ते मुलाने आपल्या वहीतून शोधून जोडले की तो प्राणी त्याच्या ओळखीचा होतो.

सकाळ: बंदरावर

मिरकरवाडा हे कोकणातले मोठे मासेमारी बंदर आहे. बोटी कधी लागतात आणि लिलाव कधी होतो हे मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्यावे, कारण ते भरतीवर आणि हंगामावर अवलंबून असते. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात ठेवावी की ती लोकांची कामाची जागा आहे. पाट्या उचलून धावणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये, नाकाला रुमाल लावू नये, फोटो काढण्याआधी विचारावे. मुलांना मासळीच्या वासाची सवय नसेल तर त्यांना तसे आधी सांगून ठेवावे, पण तोंड वेंगाडण्याची मुभा देऊ नये. ज्यांच्या कष्टांवर आपले जेवण होते त्यांच्यासमोर कसे उभे राहावे, हेही शिकण्यासारखेच आहे.

बंदरावर मुलांना दोन ढीग दाखवावेत. पहिला अर्थात विक्रीच्या मासळीचा: पापलेट, सुरमई, बांगडे, बोंबील, कोळंबी. दुसरा ढीग बहुधा बाजूला पडलेला असतो. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात आलेली, बोटाएवढी, कुणाच्या ताटात न जाणारी ही मासळी खतासाठी किंवा खाद्यासाठी जाते. या ढिगात वाकून पाहिले की त्यात मोठ्या माशांची पिल्ले ओळखू येतात. आमच्या मुलाला त्यात एक पापलेट सापडले, जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याएवढे, पण आकाराने हुबेहूब मोठ्या पापलेटासारखे, रुपेरी आणि चपटे. त्याने ते मोजपट्टीवर ठेवले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मासे कमी का होत आहेत याविषयी मला जे सांगायचे होते, ते त्यानंतर फारसे सांगावे लागले नाही.

हीच वेळ नियमांविषयी बोलण्याची असते. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटाला, म्हणजे सरंग्याला, राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी शासनाने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे, तर बोंबलासाठी 180 मिलिमीटर. हे आकडे मुलांनी वहीत मोजपट्टी धरून रेघ ओढून लिहावेत. ती रेघ पुढे फार कामाला येते. तेज दिव्यांच्या साहाय्याने मासळी गोळा करून पकडणाऱ्या एलईडी मासेमारीवर बंदी आहे, हेही मोठ्या मुलांना सांगता येईल. मात्र एक पथ्य पाळावे: मच्छीमारांना दोषी ठरवण्याच्या सुरात हे बोलू नये. पारंपरिक होडीवाल्यालाच या अतिरेकाचा पहिला फटका बसतो. शिवाय जाळ्यात अडकलेले कासव किंवा देवमासा सोडवण्यासाठी स्वतःचे जाळे कापणारेही मच्छीमारच असतात. अशा कापलेल्या जाळ्याची 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची शासनाची योजना 2018 पासून आहे.

दुपार: मत्स्यालयात

आत शिरल्यावर आधी सगळ्या टाक्यांवरून एक सावकाश फेरी मारावी, कुणालाही थांबवू नये. मग प्रत्येक मुलाने एकच प्राणी निवडावा आणि त्याच्यासमोर किमान दहा मिनिटे बसावे. दहा मिनिटे हा मुलांसाठी मोठा काळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या तीन मिनिटांत मासा फक्त पोहताना दिसतो, आणि त्यानंतरच तो काय करतो ते दिसू लागते. कल्ले कसे उघडझाप करतात, कोणता पर वळण्यासाठी आणि कोणता थांबण्यासाठी वापरला जातो, तो टाकीच्या तळाशी राहतो की पृष्ठभागाशी, दुसरा मासा जवळ आला तर सरकतो की अंगावर जातो, हे वहीत लिहायला किंवा काढायला सांगावे. चित्र वाईट आले तरी चालेल. चित्र काढण्यासाठी जितके पाहावे लागते तितके फोटोसाठी पाहावे लागत नाही, म्हणून मी या वेळी फोन पिशवीत ठेवायला लावते. फ्लॅश तर मुळीच वापरू नये.

काचेवर टकटक करण्याचा मोह मुलांनाच काय, मोठ्यांनाही आवरत नाही. ‘असे करू नये’ एवढ्यावर मुले ऐकत नाहीत, म्हणून कारण सांगावे. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते ती पाण्यातले बारीकसे कंपनही टिपते. बोटाची एक टिचकी त्याला केवढी वाटत असेल याची कल्पना मुलांना करू द्यावी. आमच्या मुलीने हे ऐकल्यावर शेजारच्या अनोळखी काकांना नम्रपणे थांबवले, आणि तेही थांबले.

निवडण्यासाठी प्राणी सुचवायचे झाले तर मी शेवंडीला, म्हणजे लॉबस्टरला, पहिला मान देईन. एकदा मत्स्यालयातल्या टाकीच्या कोपऱ्यात एक शेवंड निपचित पडलेली दिसली. मिशा, पाय, शेपटी सगळे जागच्या जागी, पण हालचाल नाही. मुले हळहळली. मग दगडाच्या कपारीतून दुसरी बाहेर आली, रंगाने फिकट, अंगाने किंचित मोठी, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने समजावून सांगितले की शेवंड एकच आहे. पडलेली होती ती तिची कात, पाठीवर उसवल्यासारखी उघडलेली, आत पूर्ण रिकामी. कवच वाढत नाही, म्हणून ते टाकून नवे धारण करावे लागते, आणि नवे टणक होईपर्यंत ती अगदी असहाय असते, म्हणूनच कपार. मादी अंडी शेपटीखाली चिकटवून वागवते, त्यामुळे अंडीवाली शेवंड पकडणे म्हणजे पुढची पिढीच उचलणे होय. याचे परिणाम आपल्याच किनाऱ्याने पाहिले आहेत. मुंबईच्या पाण्यात मुबलक मिळणारी चपटी शेवंड 1990 च्या दशकात मासेमारीतून जवळजवळ नाहीशी झाली.

हेकरू टाकीत असेल तर त्याच्यासमोरही थांबावे. या कुळातले अनेक मासे आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. मुलांना ही गंमत वाटते, आणि वाटू द्यावी. मग विचारावे, ‘जाळ्यात आणि गळाला सगळे मोठे हेकरू निघून गेले तर मागे कोण राहील?’ उत्तर त्यांना स्वतःला काढू द्यावे. मुशीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. बांगडा हजारोंनी अंडी सोडतो, पण मुशीच्या कुळातले बरेच मासे पिल्लांनाच जन्म देतात, तीही मोजकी, आणि ती पिल्ले वयात यायला वर्षे लागतात. म्हणून बांगड्याइतकीच मासेमारी मुशीला सोसत नाही. समुद्रघोडा बरणीत जतन केलेला असो वा जिवंत, तो दिसला तर नर पोटाच्या पिशवीत अंडी वाढवतो हे सांगावे. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. तारामासा मात्र मासा नव्हे. त्याला ना कणा, ना कल्ले, आणि हे मुले दहा मिनिटांच्या बैठकीत स्वतःच शोधून काढतात.

केंड हा फुगणारा मासा लहान मुलांना फार आवडतो. तो विषारी असतो आणि जाळी कुरतडतो म्हणून मच्छीमारांना नकोसा असतो, एवढे सांगून पुढे जावे.

संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा शेवटी पाहावा, म्हणजे त्याला वेळ देता येतो. मुलांना आधी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत चालायला लावावे. मग कण्याचे मणके, बरगड्या आणि पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवातली बोटांसारखी हाडे शोधायला सांगावीत. माशाच्या परात बोटे नसतात. देवमासा नावाने मासा असला तरी तो हवेत श्वास घेणारा, पिल्लांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे त्या हाडांकडे बोट दाखवून सांगितले की विसरले जात नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत रुतले होते. गावकरी, वनविभाग आणि इतर अनेकांनी रात्रंदिवस खपून ते समुद्रात परत नेले, पण ते जगले नाही. ही हकीकत मी मुलांपासून लपवली नाही. त्यांनी विचारले, ‘मग एवढे कष्ट कशाला केले?’ मी म्हटले, त्या वेळी तो जिवंत होता म्हणून.

त्याच ओघात, किनाऱ्यावर असा प्राणी दिसला तर काय करावे हेही शिकवून ठेवावे. गर्दी हटवावी, अंगावर ओले कापड टाकून त्वचा ओली ठेवावी, डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नये, शेपटीला धरून ओढू नये, आणि लगेच वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावे. कासव सापडले तर त्याला स्वतःहून पाण्यात ढकलू नये. ते अनेकदा जखमी किंवा थकलेले असते, समुद्रात सुटलेल्या जाळ्यांत अडकून त्याचा पर कापला गेलेला असतो, आणि त्याला उपचाराची गरज असते.

संध्याकाळ: खडपांवर

हिशेबाप्रमाणे पाणी उतरू लागले की खडपांवर जावे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे आणि पाणी फिरले की निघावे, कारण भरती पाठीमागच्या खाचेतून शिरते आणि परतीची वाट बंद करते. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय अनोळखी खडपांवर मुलांना नेऊ नये. शेवाळ फार निसरडे असते आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पाय कापतात.

डबक्यांशेजारी उकिडवे बसावे आणि आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे पाहावे. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एक गोगलगाय सरकते, झिंगा पारदर्शक असल्यामुळे त्याचे फक्त डोळे दिसतात, समुद्रफूल उमलते, आणि दगडाला चिकटलेले शिणाणे व कालवे हे शिंपल्यांतले जीव मुलांना ओळखू येतात, कारण सकाळी ती पाटीत पाहिलेली असतात. दगड उलटला तर खालचे जीव पाहून तो जसा होता तसा, हलक्या हाताने परत ठेवावा. उलटा सोडलेला दगड वरच्या आणि खालच्या दोन्ही जिवांना मारतो. हात लावायचाच तर ओल्या बोटाने लावावा. शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखांना मात्र कधीही हात लावू नये. त्यांतला जीव विषारी नांगी मारतो.

रिकाम्या शंखांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे. दुसऱ्या फेरीच्या वेळी आमच्या मुलाने एक सुंदर शंख उचलून खिशात ठेवला. तो रिकामा आहे असे आम्हा सगळ्यांनाच वाटले, मीही तो हातात घेऊन पाहिला होता. आंबा घाट चढताना त्याला मांडीवर काहीतरी टोचले. शंखातून लालसर पाय बाहेर आले होते. तो शंखातला खेकडा होता, ज्याला स्वतःचे मागचे अंग झाकायला कवच नसते आणि जो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. आम्ही डब्यात मिठाचे पाणी केले, पण घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो शंखाबाहेर पूर्ण येऊन मेलेला होता. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की पुळणीवरून किंवा खडपावरून काहीही घरी आणायचे नाही. पुळणीवर पडलेला रिकामा शंख हे कुणाचे तरी उद्याचे घर असते. बाजारात शोभेसाठी मिळणारे शंख आणि प्रवाळही घेऊ नयेत. काही जातींचे शंख आणि सर्व प्रवाळ कायद्याने संरक्षित आहेत.

एक दिवस अधिक असेल तर

काजळी नदी समुद्राला मिळते तिथे भाट्याची खाडी आहे. तिच्या काठी खाजणातली कांदळवने ओहोटीच्या वेळी पाहावीत. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, झाडावरच अंकुरून लोंबणारी कांदळाची बी, आणि त्या मुळांच्या जाळीत लपलेली माशांची व कोळंबीची पिल्ले एवढे दिसले तरी जाणे सार्थकी लागते. पांढरी चिप्पी हे महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष आहे, 2020 पासून.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान आलात तर मात्र कांदळवनापेक्षा कासवांना आधी वेळ द्यावा, असे मी म्हणेन. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरली जात. आता ती कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरली जातात, साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडली जातात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, ही गोष्ट हवामानबदलाचे शिक्षण एका वाक्यात देते. तिथे दोरीच्या पलीकडे जाऊ नये, फ्लॅश वापरू नये, पिल्लाला उचलून पाण्यात सोडण्याचा हट्ट धरू नये. मुक्काम गावातल्या घरांतच करावा, कारण गावाला त्यातून मिळणारे उत्पन्न हा या संवर्धनाचा मोठा आधार आहे.

मुलांना भारताचा नकाशा घेऊन एक रेघ ओढायला सांगावी: 2021 मध्ये ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर परावर खूण लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. आमच्या मुलीने कन्याकुमारी आणि श्रीलंकेला वळसा घालत ती रेघ ओढली तेव्हा वही पुरली नाही, तिने शेजारचे पान जोडून घेतले.

दक्षिणेकडे जाणार असाल तर मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात. तिथे पाण्याखाली पाहायला उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नये आणि माशांना पाव टाकू नये, आणि तुमचा मार्गदर्शकच पाव टाकत असेल तर त्याला तसे न करण्याची विनंती मुलांसमोर करावी.

घरी परतल्यावर

वही कपाटात जाऊ देऊ नये. आमच्याकडे ती स्वयंपाकघरात, पिशव्यांच्या खुंटीला अडकवलेली असते. बाजारात मासे आणायला जाताना मुलगा ती बरोबर घेतो. पापलेट घेताना तो 135 मिलिमीटरच्या रेघेशी मासा धरतो. पहिल्या वेळी मासळीवाल्या मावशींना राग आला, त्यांना वाटले की हा वजनावर शंका घेतो आहे. त्याने त्यांना रेघ दाखवली आणि बंदरावरच्या ढिगातले नाण्याएवढे पिल्लू किती होते ते बोटांनी दाखवले. मावशींनी पाटीतले सर्वांत लहान पापलेट उचलून स्वतःच रेघेवर ठेवले. ते थोडे कमी भरले. त्यांनी ते बाजूला ठेवले, आम्हाला बांगडे घ्यायला सांगितले, आणि पुढच्या रविवारी वही पुन्हा आणशील का, असे त्याला विचारले.